तुमच्या वेबसाइटचं डोमेन नक्की कोणाच्या नावावर आहे? तपासायचं कसं आणि ताब्यात घ्यायचं कसं



आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण तुमची किंवा घरातल्या कोणाची वेबसाइट असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. माझ्या मामेभावाची देवगडला हापूसची बाग आहे. पाच वर्षं चाललेलं त्याच्या वेबसाइटचं नाव ऐन आंब्याच्या सीझनमध्ये हातातून गेलं. पैसे नव्हते म्हणून नाही, तर ते नाव कधी त्याच्या नावावर नव्हतंच म्हणून. वेबसाइट बनवणारा माणूस मीच सुचवला होता, त्यामुळे हे लिहिणं माझ्याकडे लागतं.

डोमेन, होस्टिंग आणि वेबसाइट: तीन वेगळ्या गोष्टी

बहुतेक लोक या तिन्हीला मिळून 'साइट' म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

- डोमेन म्हणजे पत्ता. अमुकतमुक डॉट कॉम. हा कायमचा विकत मिळत नाही. तो वर्षाच्या हिशोबाने भाडेपट्ट्यावर मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी.
- होस्टिंग म्हणजे फाइल्स ठेवायला भाड्याने घेतलेली जागा.
- वेबसाइट म्हणजे त्या जागेत मांडलेलं दुकान: पानं, फोटो, ऑर्डरचा फॉर्म.

होस्टिंग बिघडलं तर दुसरीकडे घेता येतं. वेबसाइट उडाली तर पुन्हा बनवता येते. पण डोमेन गेलं तर व्हिजिटिंग कार्डावर, गाडीवर, खोक्यांवर छापलेला पत्ताच दुसऱ्याचा होतो. गंमत म्हणजे तिन्हींमध्ये सहसा डोमेनच सगळ्यात स्वस्त असतं, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

नोंद कोणाकडे असते?

इथे तीन शब्द लक्षात ठेवा.

1. रजिस्ट्री: एका शेपटाच्या सगळ्या नावांचं मुख्य दफ्तर. डॉट कॉमचं दफ्तर व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, डॉट इन आणि डॉट भारतचं काम निक्सी ही भारतीय संस्था पाहते. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम आयकॅन ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते.
2. रजिस्ट्रार: ज्या कंपनीच्या साइटवरून आपण नाव घेतो ती.
3. रजिस्ट्रंट: ज्याच्या नावाने नोंद आहे तो. मालक म्हणा हवं तर.

पैसे कोणी दिले यावर मालकी ठरत नाही. रजिस्ट्रार बघतो तो रजिस्ट्रंटच्या रकान्यातलं नाव आणि ईमेल. दादाने दरवर्षी डेव्हलपरला पैसे दिले, त्याच्या पावत्याही आहेत. पण डेव्हलपरने सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेन स्वतःच्या एकाच खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घेतलेली. यात त्याचा काही डाव नव्हता. अनेक जण सोयीसाठी असंच करतात.

डोमेनचा सातबारा कसा पाहायचा?

जमिनीचा जसा सातबारा, तशी प्रत्येक डोमेनची नोंद इंटरनेटवर पाहता येते. या सेवेला पूर्वी हूइज म्हणायचे. डॉट कॉमसारख्या नावांसाठी जानेवारी 2025 पासून तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. आपल्याला फरक पडत नाही. आयकॅनच्या साइटवर लुकअप नावाचं पान आहे, तिथे डोमेन टाका. डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीच्या साइटवर अशीच सोय आहे. पैसे लागत नाहीत. मग हे रकाने पाहा:

- रजिस्ट्रार: कोणत्या कंपनीकडे नोंद आहे.
- नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख.
- स्टेटस: 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसलं तर घाबरू नका. नाव कोणी परस्पर पळवू नये म्हणून लावलेलं ते कुलूप आहे. 'रिडेम्प्शन पिरियड' किंवा 'पेंडिंग डिलीट' दिसलं तर मात्र लगेच हालचाल करा.
- रजिस्ट्रंट: युरोपात 2018 मध्ये खासगी माहितीचा कडक कायदा लागू झाल्यापासून हा रकाना बहुतेक वेळा झाकलेला दिसतो.

रकाना झाकलेला असेल तर साधी परीक्षा घ्या. रजिस्ट्रारच्या खात्याचं लॉगिन तुमच्याकडे आहे का? मुदत संपत आल्याचे ईमेल तुम्हाला येतात का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर डोमेन तुमच्या ताब्यात नाही, असंच धरून चाला.

मुदत संपली की काय होतं?

डॉट कॉमच्या बाबतीत साधारण हा क्रम असतो:

1. आधी आठवण: मुदतीच्या सुमारे एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत, रजिस्ट्रारने सूचना पाठवायचीच असते. पण ती जाते नोंदीतल्या ईमेलवर.
2. सवलतीचे दिवस (जास्तीत जास्त 45): साइट बंद पडते किंवा तिथे जाहिरातींचं पान दिसतं. या काळात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. पण किती दिवस द्यायचे हे रजिस्ट्रार ठरवतो आणि काही जण नाव याच काळात लिलावात काढतात.
3. रिडेम्प्शन (30 दिवस): नाव परत मिळतं, पण वेगळा दंड भरून. हा दंड वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट असू शकतो.
4. पेंडिंग डिलीट (5 दिवस): आता कोणालाच काही करता येत नाही.
5. नाव मोकळं: जो पहिला नोंदवेल त्याचं. चांगली नावं टिपायला काही कंपन्यांचे प्रोग्राम टपूनच बसलेले असतात.

एक फसवी गोष्ट. सवलतीच्या दिवसांत डॉट कॉमची रजिस्ट्री आपल्या दफ्तरात मुदत आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि पैसे भरले नाहीत तर नंतर ती मागे घेते. त्यामुळे साइट बंद असूनही लुकअपमध्ये पुढच्या वर्षीची तारीख दिसू शकते. ती पाहून निर्धास्त होऊ नका.

दादाचं काय झालं?

त्याच्या डोमेनची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपली. आंबा यायच्या आधी साइट उघडून बघतो कोण? मार्चअखेर एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, तुमच्या साइटवर भलत्याच जाहिराती दिसतायत." तोपर्यंत नाव रिडेम्प्शनमध्ये गेलेलं.

दादा दंड भरायला तयार होता. रजिस्ट्रारने सांगितलं, नोंदीतल्या ईमेलवरून विनंती येऊ द्या. डेव्हलपरने धंदा बंद करून परगावी नोकरी धरलेली आणि नंबरही बदललेला. ओळखीओळखीतून तो सापडेपर्यंत तीन-साडेतीन आठवडे गेले. बिचारा लगेच खात्यात शिरला, पण स्टेटस 'पेंडिंग डिलीट' झालं होतं. पाच दिवसांनी नाव दुसऱ्या कोणीतरी उचललं.

पुठ्ठ्याची दोन हजार खोकी जुना पत्ता छापून तयार होती. मामी आणि बागेतल्या बायका दुपारी बसून प्रत्येकावर नव्या पत्त्याचं स्टिकर चिकटवत होत्या. मी गेलो तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "तू तरी बघायचं होतंस रे." तिला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

खरी भीती तर पुढेच होती. दादाचा ईमेलही त्याच डोमेनवरचा. डोमेन ज्याच्या हातात गेलं, त्याला त्या पत्त्यावर येणारे ईमेल स्वतःकडे वळवता येतात, म्हणजे पासवर्ड बदलण्याच्या लिंकसुद्धा. आम्ही एक अख्खी रात्र बसून बँक, जीएसटी आणि कुरिअरच्या खात्यांमधला ईमेल बदलला.

डोमेन ताब्यात कसं घ्यायचं?

डेव्हलपर ओळखीचा असताना, संबंध चांगले असतानाच हे करून घ्या.

1. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि डेव्हलपरला डोमेन तुमच्या खात्यात सरकवायला सांगा. हा सगळ्यात सोपा मार्ग.
2. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर कुलूप काढायला सांगा आणि ऑथ कोड मागा. हा कोड म्हणजे डोमेनच्या बदलीचा पासवर्ड. नवीन घेतलेलं डोमेन पहिले 60 दिवस सहसा हलवता येत नाही.
3. रजिस्ट्रंटच्या रकान्यात स्वतःचं किंवा फर्मचं नाव घाला. ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका, नाहीतर डोमेन बंद पडलं की आठवणीचे ईमेलही बंद.
4. ऑटो-रिन्यू चालू करा, पण त्यावर विसंबू नका. कार्डाची मुदत संपली की तेही फसतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका.
5. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

नेहमीचे प्रश्न

*डेव्हलपरला खातं दिलं नाही तर तो काम कसं करणार?*
त्याला सहसा फक्त डीएनएसच्या सेटिंग्ज बदलायच्या असतात. त्या समोर बसून बदलून द्या. बऱ्याच रजिस्ट्रारकडे मर्यादित परवानगी देण्याची सोय असते.

*डेव्हलपर डोमेन द्यायलाच तयार नसेल तर?*
पावत्या, चॅट, करार जपून ठेवा आणि आधी लेखी मागणी करा. ट्रेडमार्क तुमचा असेल तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशी तक्रारीची व्यवस्था आहे. पण यूडीआरपीखाली एका डोमेनसाठी जिनिव्हाच्या वायपो संस्थेची फीच दीड हजार डॉलरपासून सुरू होते. छोट्या धंद्याला हे परवडत नाही.

*एकदम किती वर्षांसाठी घ्यावं?*
धंदा चालू राहणार असेल तर तीन ते पाच वर्षं. पहिल्या वर्षाची स्वस्त ऑफर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी वाचा.

दादाने आता डॉट इनवर नवं नाव घेतलंय, स्वतःच्या नावावर, पाच वर्षांसाठी. लॉगिन एका वहीत लिहून बागेच्या कागदपत्रांच्या ट्रंकेत ठेवलंय. तुम्हीही हा लेख बंद करायच्या आधी एकदा लुकअपवर स्वतःचं डोमेन टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.