व्यापारी टपाल : छायाचित्र-उद्योगाच्या इतिहासाचे साधन

कॅमेरे, काचेच्या पट्टिका, छायाचित्रणाचे कागद व रसायने यांचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांची आणि छायाचित्रशाळांची जुनी छापील पत्रे, लिफाफे, बीजके व जाहिरातीची कार्डे यांचा समुच्चय. ज्या पेढ्यांची दप्तरे कालौघात नष्ट झाली, त्यांची स्थलांतरे, आडत, मालाचे भाव आणि गिऱ्हाइकांचा विस्तार ठरविण्यास पुष्कळदा हेच अस्सल दस्तऐवज उपयोगी पडतात.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तरी छायाचित्रणाची बहुतेक सामग्री दीर्घकाळ विलायतेहूनच येत असे. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून २१ गिनींना चलच्चित्रणाचा कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये टिपलेल्या कुस्तीची फीत धुण्यासाठी पुन्हा लंडनलाच रवाना केली. त्यावरून हा व्यवसाय दूरच्या दळणवळणावर किती अवलंबून होता, ते स्पष्ट होते. देशांतर्गत व्यापाराला १८७७ च्या व्ही. पी. (टपालाने आलेला माल सोडविताना किंमत चुकती करण्याच्या) पद्धतीने आणि १८७९ च्या पाव आण्याच्या पोस्टकार्डाने मोठीच चालना दिली.

अशा साधनांची पारख सावधपणे करावी लागते. टपालाच्या शिक्क्यावरून पत्र रवाना झाल्याची तारीख कळते, कागद छापल्याची नव्हे. कारण शिल्लक लिफाफे संपेपर्यंत वापरण्याची व्यापाऱ्यांची रीत होती. छापील पत्ता खोडून त्यावर रबरी शिक्क्याने नवा पत्ता उमटविलेला असेल, तर मात्र तो लिफाफा पेढीच्या स्थलांतराचा भरवशाचा पुरावा ठरतो. म्हणून असे टपाल तिकिटे कापून न घेता अखंड जतन करणे अगत्याचे आहे.