तगरचं कापड, पैठणचा दगड

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात, तर दगडी मण्यांपुढे जरा जास्त वेळ थांबा. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जुनं तगर. फ्लीटने ही ओळख 1901 मध्ये मांडली. त्याआधी जुन्नर, देवगिरी असे बरेच तर्क झाले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' सांगतो, की तगरहून भडोचला गाड्यांनी कापड जाई. दगड मात्र पैठणच्या नावावर. कोणता दगड? शॉफच्या 1912 च्या इंग्रजी भाषांतरात कार्नेलियन, कॅसनच्या 1989 च्या भाषांतरात ऑनिक्स. मूळ ग्रीक शब्द एकच!

आता खनिजं बघा. दोन्ही कॅल्सेडनीचेच प्रकार, आपल्या गारगोटीचे भाऊबंद. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत तयार होतात. कार्नेलियनचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, भाजला की आणखी खुलतो. अकीकाचे पट्टे सहसा पोकळीच्या भिंतीप्रमाणे वळतात. ऑनिक्सचे सरळ, समांतर असतात, म्हणून तो तुलनेने दुर्मीळ. लाल दगड भरपूर गेला म्हणणं वेगळं आणि ऑनिक्स भरपूर गेला म्हणणं वेगळं.

मग तेरचे मणी बाहेरून आले की तिथेच घडले? नुसता तयार मणी हे सांगत नाही. अर्धवट भोक पाडलेला, घडवताना फुटलेला मणी, दगडाच्या कपच्या, हा खरा पुरावा. तोही कोणत्या थरात मिळाला याची नोंद हवी. पावसानंतर पांढरीच्या टेकाडावर एखादा मणी दिसला, तर खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा आणि संग्रहालयाला कळवा.