जाहीरनामा आणि हरताळ

सुरत शहराचे नाव निघाले की मराठी मनापुढे १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या कथेत सुरत येते ती श्रीमंत पेठ म्हणून. आणि तेथील व्यापारी आठवतात ते भयभीत होऊन पळणारे म्हणून. परंतु याच व्यापाऱ्यांच्या इतिहासाची दुसरी एक बाजू आहे. तलवार न उचलता सत्तेला उत्तर कसे द्यावे, हे या शहराला फार पूर्वीपासून अवगत होते.

१६६९ च्या सप्टेंबरमध्ये तेथील काजीच्या धर्मांतराच्या जुलमाला कंटाळून सुमारे आठ हजार वाणी घरदार सोडून भडोचला निघून गेले. बाजार ओस पडला, व्यवहार थंडावले, बादशाही जकातीचा ओघ आटला. अखेर औरंगजेबाकडून अभय मिळाल्यावर, डिसेंबरमध्ये ही मंडळी परतली. दुकान बंद ठेवणे हाही एक प्रकारचा अर्जच असतो, आणि तो वाचण्यास दुभाष्या लागत नाही, हा धडा सुरतेने तेव्हाच गिरवला होता.

१८०० साली नबाबाशी करार करून ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेचा संपूर्ण कारभार आपल्या हाती घेतला. नबाबाच्या अमदानीत हुकूम दवंडीने कानावर येत असे. आता छापील कायदा आला. या नव्या पद्धतीत एक चांगले तत्त्व होते, हे मान्य केले पाहिजे. बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने असा नियम घातला की, प्रत्येक कायद्याच्या आरंभी तो करण्याची कारणे नमूद करावीत आणि त्याचे देशी भाषांत भाषांतर व्हावे. मुंबई इलाख्यातही तोच कित्ता पुढे गिरवला गेला. एल्फिन्स्टन यांनी तयार करविलेली १८२७ ची कायदेसंहिता मराठी व गुजराती भाषांत उतरविण्यात आली. ज्याने कायदा पाळावयाचा, त्याला तो समजला पाहिजे, हा त्यामागील हेतू होता.

तथापि समजणे निराळे आणि विचारले जाणे निराळे. जाहीरनामा वाचणाऱ्याचे मत तो निघण्यापूर्वी घ्यावे, अशी सोय या व्यवस्थेत नव्हती. त्यात १८३३ च्या सनदेने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला आणि तो कलकत्त्यास गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे गेला. सुरतेच्या पेठेत काय महाग व्हावे, हे आता शेकडो कोस दूर ठरू लागले.

१८४४ साली याची प्रचीती आली. त्या वर्षी सरकारने मुंबई इलाख्यातील नगर-जकाती आणि धंद्यांवरील मोहतर्फ्यासारखे जुने कर उठविण्याचे ठरविले. विणकर, सुतार, लहान व्यापारी यांच्या डोक्यावरील ओझे त्यामुळे हलके होणार होते. पण तिजोरीतील ही तूट भरून काढण्यासाठी मिठावरील कर मणाला आठ आण्यांवरून एकदम एक रुपया करण्यात आला. कचेरीत बसून मांडलेला हा हिशेब कागदावर बिनचूक होता. एका रकान्यातून वजा केले ते दुसऱ्या रकान्यात जमा केले. मात्र वजाबाकीचा लाभ ज्यांना होणार होता ते थोडे, आणि बेरीज ज्यांच्यावर बसणार होती ते सगळे. मीठ सावकारालाही लागते आणि त्याच्या दारच्या हमालालाही लागते. आणि भाकरीबरोबर मिठाखेरीज दुसरे काही नसलेल्या माणसाला ते अधिकच लागते.

ऑगस्टच्या अखेरीस सुरतेने उत्तर दिले. दुकानांना कुलपे लागली आणि लोकांचे थवे रस्त्यावर उतरले. सरकारी दफ्तरात या प्रसंगाची नोंद दंगा म्हणून झाली. पण परिणाम असा झाला की, त्याच वर्षी कर रुपयावरून बारा आण्यांवर उतरला; आणि हा बारा आण्यांचा दर नुसत्या सुरतेला नव्हे, साऱ्या मुंबई इलाख्याला लागू झाला. १८५९ पर्यंत तो टिकला. रत्नागिरीच्या कोळ्याने आणि सोलापूरच्या शेतमजुराने पंधरा वर्षे मिठामागे चार आणे कमी भरले, ते सुरतेच्या बंद दुकानांमुळे. ही गोष्ट त्या कोळ्याला बहुधा कधी कळलीही नसेल.

तो काळच तेथे जागृतीचा होता. त्याच १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली, आणि त्यांच्या सहकाऱ्यांत मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे होते. ते त्या वेळी सुरतेत शिक्षक होते. रूढीला प्रश्न विचारण्याची आणि सरकारला प्रश्न विचारण्याची सवय एकाच गावात, एकाच सुमारास वाढत होती.

पुढे १८४८ साली बंगाली वजने सुरतेत सुरू करण्याचा हुकूम निघाला. सुरती मण बंगाली मणाच्या निम्म्याहूनही लहान. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मोडणार होता. पुन्हा पेठ बंद झाली आणि सरकारने तो हुकूम मागे घेतला.

प्रत्येक वेळी असेच घडले, असे मात्र नाही. १८७८ साली परवाना-कराविरुद्ध सुरतेने दुकाने बंद केली, तेव्हा प्रकरण गोळीबारापर्यंत गेले, माणसे दगावली आणि कर कायम राहिला. दुष्काळाच्या खर्चाचा आधार म्हणून बसविलेला तो कर सोडण्यास सरकार तयार नव्हते. हरताळ हे काही हमखास यशाचे साधन नव्हे. त्याची किंमत कधी कधी रक्ताने चुकवावी लागते.

तरीही ही परंपरा खंडित झाली नाही. १९२८ साली सुरत जिल्ह्यातील बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली वाढीव सारा भरण्याचे नाकारले आणि जप्तीच्या नोटिसांना दाद दिली नाही. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, ते दांडी गाव त्या वेळी सुरत जिल्ह्यातच मोडत होते. शहाऐंशी वर्षांनंतर त्याच मुलखात, त्याच मिठावरून तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला.

कारभार कोणाचाही असो, जाहीरनामे निघणारच. त्यांवाचून राज्य चालत नाही. परंतु जाहीरनामा भिंतीवर चिकटविला म्हणजे कारभार पुरा झाला, असे मानणारे अधिकारी सुरतेला समजू शकले नाहीत. ज्यांच्यासाठी कागद लिहिला, त्यांना आधी विचारावे, एवढेच सुरतेचे मागणे होते. ते ऐकण्याचे कान सत्तेपाशी नव्हते, म्हणून सुरतेच्या व्यापाऱ्याला ते आपल्या दुकानाच्या फळ्या लावून सांगावे लागले.