काठीतली तलवार आणि केंटकीची राज्यघटना

आपल्याकडे शस्त्रपरवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यापुढे येतो तेव्हा शस्त्र बाळगणे हा अर्जदाराचा मूलभूत हक्क आहे, असे कोणी गृहीत धरीत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ती परवानगीची बाब ठरविली आहे. एकत्र जमण्याचे स्वातंत्र्यही आपली राज्यघटना विनाशस्त्र जमण्यापुरतेच देते.

अमेरिकेची परंपरा याच्या उलट आहे. तेथील चर्चा बहुधा संघीय घटनेच्या १७९१ मधील दुसऱ्या दुरुस्तीपाशी थांबते. परंतु पेनसिल्व्हेनिया राज्याने हा हक्क १७७६ मध्येच आपल्या घटनेत लिहिला होता. २०२२ मध्ये आयोवाची भर पडल्यावर ५० पैकी ४५ राज्यांच्या घटनांत तो आला. या राज्यघटनांचा इतिहास प्रशासकाला अधिक शिकवून जातो. केंटकीचेच उदाहरण घ्या.

स्वतःच्या व राज्याच्या संरक्षणासाठी शस्त्र धारण करण्याच्या नागरिकांच्या हक्काविषयी प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असे केंटकीची घटना सांगत होती. तरीही १८१३ मध्ये तेथील विधिमंडळाने शस्त्रे लपवून बाळगण्यास बंदी घातली. हातातल्या काठीत तलवार दडविल्याबद्दल ब्लिस नावाच्या गृहस्थास १०० डॉलर दंड झाला. १८२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. घटना स्वीकारताना हक्क जेवढा होता तेवढा तो अबाधित राहिला पाहिजे. त्याचा अंशतः संकोचही चालणार नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता.

या निर्णयाला उत्तर मिळाले ते घटनेतूनच. १८५० च्या नव्या घटनेत हक्क कायम राहिला. मात्र लपविलेल्या शस्त्रांना प्रतिबंध करणारे कायदे विधिमंडळ करू शकेल, असा उपखंड त्याला जोडला गेला. १८९१ च्या घटनेतही तो टिकला.

गंमत पुढेच आहे. तो उपखंड कायम असतानाच २०१९ मध्ये केंटकीने एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तींना परवान्याविना लपविलेले शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. यात विसंगती नाही. घटनेने बंदीची आज्ञा दिली नव्हती, बंदीचा अधिकार दिला होता. तो वापरावा की न वापरावा, हे लोकप्रतिनिधींवर सोपविले होते. अधिकार आणि कर्तव्य यांतील हा भेद फायलीवर शेरा लिहिताना आपणही अनेकदा विसरतो.