साधनांची उणीव आणि सत्याचा अधिकार

रणांगणावर सैन्याची साधने उणी पडली, तर ती गोष्ट लोकांना सांगावी की झाकून ठेवावी, हा प्रश्न नवा नाही. शत्रूच्या कानी जाईल असे काही बोलू नये, हा राजनीतीचा दंडक. आणि ज्यांची मुले आघाडीवर लढतात त्यांना सत्य कळावे, हा लोकशाहीचा. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे दोन प्रसंगांच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

९ मे १९१५ रोजी फ्रान्समध्ये ओबेर रिज येथे ब्रिटिशांचा हल्ला फसला. त्यात हिंदी पलटणीही होत्या. तोफांना स्फोटक गोळे पुरेसे नव्हते. ही गोष्ट लंडनच्या ‘टाइम्स’ने आपला लष्करी वार्ताहर रेपिंग्टन याच्या लेखणीतून १४ मे रोजी, ऐन युद्धकाळात, उघड केली. माहिती खुद्द सरसेनापती फ्रेंच यांजकडून मिळाली होती. तेव्हा त्यामागील हेतू सर्वस्वी निर्मळ होता असे म्हणवत नाही. ‘डेली मेल’ने किचनेर यांजवर टीका करताच लंडनच्या शेअर बाजारात त्या पत्राच्या प्रती जाळण्यात आल्या. परंतु त्याच महिन्यात संमिश्र मंत्रिमंडळ बनले आणि दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन ते लॉइड जॉर्ज यांच्या हाती आले. उणीव बोलून दाखविली गेली, म्हणून ती भरून काढण्याची निकड उत्पन्न झाली.

दुसरा प्रसंग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाच्या चौकशीचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांजकडे देण्यात आले. त्यांचा अहवाल १९६३ मध्ये सादर झाला, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्याचा सारांश निवेदन केला. साधनसामग्रीची टंचाई होती. वाहने जुनी, डोंगराळ चढणीस अपुरी होती. जे साहित्य देशात उपलब्ध होते तेही रस्त्यांच्या अभावी आघाडीवर वेळेत पोहोचले नाही, हे त्यांनी मान्य केले. शस्त्रे मात्र चिन्यांशी लढण्यास पुरेशी होती, असेही त्यांनी सांगितले. मूळ अहवाल प्रसिद्ध केल्यास सुरक्षिततेस धोका पोहोचेल व सैन्याचे मनोधैर्य खचेल, ही त्यांची भूमिका होती.

त्या घडीस ही भूमिका समंजस होती. शत्रू सीमेवर उभा असता कोणत्या ठाण्यात काय नाही याची यादी छापणे हा अविचारच ठरला असता. परंतु २०१० मध्येही संरक्षणमंत्र्यांनी तेच कारण पुढे केले. आणि २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने अहवालाचा बराच भाग प्रकाशात आणला. जे स्वकीयांनी सांगावयाचे ते परक्याच्या मुखाने ऐकण्याची पाळी आली.

या मौनाचा भार कोणी वाहिला? थंडीत, अपुऱ्या कपड्यांनिशी, जुन्या ‘थ्री-नॉट-थ्री’ बंदुका घेऊन लढलेल्या जवानाने. तो बंदुकीमुळे हरला, रस्त्याअभावी हरला, की चुकीच्या आज्ञांमुळे, याचा निवाडा कागद मिटलेले असता होऊ शकत नाही. मग तर्काला ऊत येतो आणि दोष कोणाच्याही माथी मारला जातो. वर्गात हा धडा शिकविणाऱ्या शिक्षकाची अडचण तीच आहे.

पानिपतपूर्व दशकाची पत्रे राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापली. त्यातील उणिवा वाचून महाराष्ट्राचा तेजोभंग झाला नाही. उलट भावनेच्या जागी विचार आला. तात्पर्य, जी उणीव अद्याप शत्रूच्या उपयोगी पडेल ती झाकणे हे कर्तव्य होय. जी केवळ अधिकाऱ्यांना अडचणीची आहे ती झाकणे हे कर्तव्य नव्हे. गुप्ततेस मुदत असावी, आणि ती मुदत दोषी व्यक्तींनी नव्हे, तर कायद्याने ठरवावी.