भिंतीतला ताक

लंडनहून भाचीने फायरप्लेसचा फोटो पाठवला: "मामू, भोवती काय सजवू?" मला मुरुडचं आजोळ आठवलं. मराठीतलं ताक आपण पितो, उर्दूतला ताक म्हणजे कोनाडा. जांभ्याची भिंत जाड, म्हणून तो तिच्यात मावायचा. १९४८मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं, तरी आजोळी दिवा ताकातच जळत होता. वरच्या ताकात जुजदानातलं कुरआन. सूरह नूरमध्ये अल्लाहच्या नूराला कोनाड्यातल्या दिव्याचीच उपमा आहे.

मग वीज आली, विटांच्या पातळ भिंती आल्या. ताक आम्हीच पाडले, कुणी सांगितलं नव्हतं. उर्दूत 'ताक पर रखना' म्हणजे बाजूला सारणं. आमचं कुरआन आता कपाटावर असतं. भाचीला लिहिलं, "बेटा, शोभेचं काही नको. रोज हात लागेल असं काहीतरी ठेव."