दाखल्यावरचा ‘धर्म’ आणि वरणगावची फॅक्टरी

“ज्याच्यात मेरिट, तो फॅक्टरीत लागला,” असे वरणगावात आजही ऐकवले जाते. आम्हाला हे मान्य नाही.

आयुध निर्माणी इथे १९६४ साली आली. शेजारच्या भुसावळात रेल्वे आणि दुसरी आयुध निर्माणी. म्हणजे आपल्या भागातला मोठा पक्का पगार केंद्र सरकारचा. मेख तिथेच होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली सर्व दलित शिखांना त्यात घेतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी धम्म दिला, आणि कागदावर ‘बौद्ध’ लिहिणारा केंद्राच्या राखीव जागेला मुकला. महाराष्ट्राने राज्यापुरती सवलत दिली, पण ती फॅक्टरीच्या गेटवर चालत नव्हती. केंद्राची दुरुस्ती १९९० साली झाली. चौतीस वर्षे!

त्या काळात जो लागला त्याला क्वार्टर, दवाखाना, पेन्शन मिळाले; पोरांना अभ्यासाला कोपरा मिळाला. नातू आज त्यालाच मेरिट म्हणतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या काळ्या सैनिकांना बँकांनी घरकर्जे नाकारली. गोऱ्यांची घरे मुलांना वारशात मिळाली. गोष्ट तीच.

काहींनी दाखल्यावर ‘हिंदू महार’ तसेच ठेवले. त्यांना आम्ही बोल लावणार नाही. पोट आणि धम्म यांत निवड करायला लावणारे दिल्लीत बसले होते.

आता २०२१ पासून फॅक्टरी कंपनीकडे गेली आहे. कंत्राटी भरतीत राखीव जागा कुठे आहेत, ते विचारायला जाण्याआधी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि धर्माचा रकाना वाचा.